भट्टी सुकेपर्यंत

पत्रादेवीच्या चौकीवर पोर्तुगीज शिपायाने माझी ट्रंक उघडून लग्नातले कपडे उलटेपालटे केले, आणि तेवढ्या वेळात माझ्या बापाने मला भट्टीबद्दल सांगून घेतलं. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर म्हणाला असता, सासूचं ऐक, नवऱ्याला जप. माझा म्हणाला, "बाये, फोर्नाक घाय करूं नाका." फोर्न म्हणजे आमच्या गोव्यातल्या साष्टीकडे पावाची भट्टी. भट्टीला घाई करू नकोस. मग बाहीने डोळे पुसले आणि आणखी म्हणाला, दार उघडताना तोंडासमोर उभी राहू नकोस, कुशीला, एका बाजूला राहा. शिपायाने ट्रंक बंद केली. मी आणि इनास चालत हद्दीच्या अलीकडे आलो. मागे वळून बघितलं तर बापूय, माझा बाप, अजून हाताने दाखवत होता: कुशीला, कुशीला.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा गोवा म्हणजे परदेश. माझं माहेर आणि माझं सासर कसाल, यांच्यात एसटीने एका दिवसाचा रस्ता, पण मध्ये दोन सरकारं. आता याला सिंधुदुर्ग म्हणतात, तेव्हा हा रत्नागिरी जिल्हाच होता. गोव्यातल्या माझ्या भाच्यांनो, आणि इथून मुंबईला, मस्कतला गेलेल्या पोरांनो, तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते, पण खरं म्हणजे लिहायला बसले ते शेरनमुळे. माझी ही नात मस्कतला एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये आहे. परवा तिचा फोन आला, "आजी, ओव्हन वरून जाळतो आणि खालून कच्चं ठेवतो. मेकॅनिक उद्या येणार. मी काय करू?" मी म्हटलं, आधी बंद कर, थंड होऊ दे, आणि रागाने त्याची बटणं फिरवत बसू नको. मग मला हसू आलं. वरून जाळणारी आणि खालून कच्चं ठेवणारी एक भट्टी मलाही भेटली होती, आणि तिच्यापायी माझा संसार जायला आला होता. मी शाळेत गेले नाही, अक्षरं शिकले ती पाव बांधायच्या रद्दीवरून, तेव्हा चुकलंमाकलं समजून घ्या.

इनास माझा नवरा. आधी जहाजावर, भटारखान्यात कामाला होता. मग एक-दोन वर्षं माझ्या बापाकडे पीठ मळायला राहिला, तिथेच आमचं जमलं. पिठात त्याचा हात देवाने दिल्यासारखा. पण माझा बापूय भट्टीजवळ परक्याला उभा करत नसे. आग घालणं, निखारे ओढणं, दार लावणं हे घरच्या माणसांचं. त्यामुळे इनासला पीठ कळायचं आणि मला आग. दोघांनी मिळून कसालला पाव करायचा असं ठरवून आम्ही आलो. कसाल तिठ्यावर गाड्या थांबत, चहाची हॉटेलं होती, पाव मात्र लांबून यायचा आणि शिळा यायचा.

पहिली अडचण सुरेची. माहेरी पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने फुगवत. इकडे दारूबंदी, सूर कुठून आणणार? इनासने जुन्या पिठाचं आंबवण ठेवून ते निभावलं. भट्टी बांधायला मात्र गवंडी पाहिजे होता. गावात बाबल मेस्त म्हणून म्हातारा गवंडी होता. चिऱ्याचं काम असं करायचा की दोन चिऱ्यांत सुई जायची नाही. त्याने भट्टी कधी बघितलीही नव्हती. मी अंगणात काठीने रेघा ओढून त्याला समजावलं: खाली जोतं, जोत्यावर फुटक्या बाटल्यांची काच, काचेवर जाड्या मिठाचा थर, मिठावर रेती, रेतीवर विटांची लादी आणि वर घुमट. मीठ कशाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, मीठ ऊब धरून ठेवतं, खाली जाऊ देत नाही. इनासने शिरोड्याच्या आगरातून दोन पोती मीठ आणलं. लादी बसवायच्या वेळी मी तापाने पडले होते. उठले तोपर्यंत घुमट चढला होता आणि पोती रिकामी होती.

होळीनंतर पहिले पाव काढले. वरून काळे, खालून पांढरे, चिकट. नवी भट्टी असंच करते म्हणून आम्ही ते म्हशीला घातले. दुसरेही तसेच निघाले, आणि पुढचेही तसेच. तिठ्यावरचा हॉटेलवाला पाव हातात घेऊन टकटक वाजवायचा. "इनासा, ह्यो पाव खावचो, काय घराक चिरो म्हणान लावचो?" गिऱ्हाइकं हसायची. इनास हसायचा नाही.

आता शेरन, नीट वाच. भट्टी बिघडली की माणूस पहिल्यांदा आगच वाढवतो. इनासचं तेच. खालून कच्चं ना, मग घाल आणखी लाकूड. लाकूड वाढलं की घुमट जास्त तापतो, पाव वरून आणखी लवकर जळतो, आणि आतला अजून कच्चा असताना आपण बाहेर काढतो. मी एकेक वस्तू धरून बघत गेले. आधी लाकूड. आंब्याचं होतं, अर्धवट ओलं. ते बदलून किंजळीचं सुकं घेतलं. फरक नाही. मग दार. पत्र्याच्या दाराला एका बाजूने फट राहत होती, ती ओली माती लावून बंद केली. थोडा फरक, पण पाव खालून तसाच. मग वेळ. निखारे ओढल्यावर, ओल्या पोत्याने लादी पुसल्यावर, दार लावून भट्टी जरा गप्प ठेवायची असते म्हणजे ऊब सगळीकडे सारखी बसते. मी आणखी थोडा वेळ गप्प ठेवली. लादी आणखीच गार झाली! तिथे मला खटकलं. ऊब सारखी बसायच्या ऐवजी कुठेतरी निघून जात होती.

मांय, म्हणजे माझी सासू, स्वभावाने कडक. पण त्या दिवसांत भट्टीवर खूश होती. आमसोलांचा मोसम होता, आभाळ अधूनमधून भरून यायचं, उन्हाचा भरवसा नाही. तर मांयने सुपं आणून भट्टीच्या जोत्याला टेकून ठेवली होती. मी म्हटलं, "मांय, हयसर कशी सुकतली?"

"हात लावन बघ गो," मांय म्हणाली. "काय बरी ऊब आसा! पाव नाय जालो तरी आमसोला तरी जातली तुझ्या भट्टीत."

मी जोत्याला हात लावला आणि तसाच ठेवून उभी राहिले. चिरे गरम होते. माझ्या बापाच्या भट्टीचं जोतं आयुष्यात कधी गरम लागलं नाही. त्याला पाठ टेकून आम्ही पोरं उन्हाळ्यात गारव्याला बसायचो. मग मला कळलं की ऊब लादीतून खाली जाते आणि मांयची आमसोलं सुकवते. म्हणजे मधे मीठ नाही.

मी बाबल मेस्ताला बोलावलं. म्हातारा पायरीवर बसला, पान लावायला लागला.

"मेस्तांनू, लादयेखाली मीठ घातलास मा?"

"मीठ? घातलंय मगे."

"खंय?"

"माडाक," मेस्त म्हणाला.

आतून मांयचा आवाज आला, "म्हणान माड इतके हिरवेगार दिसतत!"

 मेस्ताने पान तोंडात घातलं आणि मग शांतपणे सांगितलं. "तुमचा मीठ तुमच्याच माडाक घातलंय, एक खडो माझ्या घराक व्हरूक नाय. पण लादयेखाली घालूक नाय. लादी बसवताना माका तेच्यार बसूक लागतला, ढोपरा टेकूक लागतली. मिठाक पाय लावलो काय मेल्यावर देवाच्या दारात ता पापण्यांनी वेचूक लागता, ता कोण करतलो? तांबडी माती घातलंय, चांगली चाळून."

"मगे तेव्हाच सांगूचा नाय?"

"तू व्हकल, नवी सून, तापान पडलेली. आणि तुमी किरिस्तांव. तुमका ह्या काय सांगतलंय?"

राग आला, नाही कशाला म्हणू. पण मीठ सांडलं की माझी आईसुद्धा छातीवर क्रूस काढायची. म्हाताऱ्याने चोरी केली नव्हती की कामचुकारपणा केला नव्हता. आपल्या समजुतीने त्याने आमचं मीठ आणि स्वतःचा परलोक दोन्ही सांभाळलं होतं. आणि चाळलेली माती इतकी घट्ट ठोकली होती की सगळी ऊब ओढून खाली पाठवत होती.

एव्हाना इनासचं मन भट्टीवरून उडालं होतं. मुंबईला त्याच्या ओळखीचा एकजण जहाजावर माणसं लावायचा, त्याचा निरोप आला होता. पाऊस सुरू झाला की मालवणची बोट बंद होते, ती मग श्रावण-भाद्रपद उलटेपर्यंत येत नाही. इनास म्हणाला, "पावसाआधीच्या शेवटच्या बोटीन मी जातंय. जहाजार निदान दुसऱ्यान केलेलो पाव खाऊक गावता."

"आणि मी?"

"तू मांयवांगडा हयसरच रव."

एकदा जहाजावर गेलेला माणूस पुन्हा गावात येऊन पीठ मळत नाही, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्याला पैसे येतात, दोन-तीन वर्षांनी माणूस येतो, जातो. मला असा नवरा नको होता. आणि माहेरी जाईन म्हणायची सोय नव्हती, कारण तोपर्यंत हद्द बंद झाली होती. पत्रादेवीवरून माणूस नाही, सामान नाही. बापाला विचारायचं तरी कसं? जे काय त्याने बोलून ठेवलं होतं तेवढ्यावरच भागवायचं होतं.

मी इनासला म्हटलं, बिघाड सापडलाय, लादी काढून मीठ घालू या. तो म्हणाला, बोटीच्या आधी पाव दाखव, मी राहीन. मेस्ताला म्हटलं, तुम्ही विटा आत द्या. मीठ मी घालते, मिठावर मीच बसते. वेचायची वेळ आली तर माझ्या पापण्या.

म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "पापणे तुझे ल्हान, गो बाय. खूप टायम लागतलो."

भट्टीत शिरायचं म्हणजे गंमत नाही, हे पोरांनो ध्यानात ठेवा. वरून गार वाटली तरी आत ऊब असते आणि राखेखाली विस्तव जिवंत असतो. निखाऱ्यांची घाणेरडी हवा दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा पडतो. आम्ही दार आणि धुराडं उघडं टाकून भट्टी दोन-तीन दिवस तशीच ठेवली. राख शेवटच्या कणापर्यंत काढली. मग माझ्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक मांयच्या हातात. मी आत, मेस्त तोंडाशी विटा घेऊन, आणि मांय बाहेर पाटावर बसून दर थोड्या वेळाने दोराला हिसका द्यायची.

"जिती आसंस मा गो?"

"आसंय, मांय!"

"मगे बोलत रव! गप रवलंस तर मी ओढतलंय!"

तिने दोनदा खरंच ओढलं. कोपर सोलवटलं माझं. पण त्या दिवसापर्यंत ही बाई माझ्याशी चार वाक्यं सलग बोललेली नव्हती. तांबडी माती टोपल्यांनी बाहेर काढली, काच पुन्हा पसरली, शिरोड्याहून पुन्हा आणून उन्हात खडखडीत सुकवलेलं मीठ तिच्यावर दाबलं, वर रेती, वर विटा. मेस्त शेवटपर्यंत मिठाच्या पोत्यापासून हातभर लांब उभा होता, पण विटांची पातळी डोळ्याने बरोबर सांगत होता. "डावी वायच उतर. हां. आता बरी."

मग सुकवणं. नव्या लादीत पाणी असतं, ते हळूहळू काढावं लागतं. पहिले काही दिवस नारळाची सोडणं नुसती धुमसू द्यायची, मग बारीक काटक्या, असं वाढवत न्यायचं. पाणी गेलं की नाही ते बघायला बापाची एक रीत होती. गार पितळी ताटली भट्टीच्या तोंडाशी धरायची. ताटलीला घाम आला तर आत अजून ओल आहे. कोरडी राहिली तर मोठी आग घाला. माझ्या ताटलीवरून तर पाणी ओघळत होतं. मी हिशेब केला, ताटली कोरडी व्हायला बोटीच्या पुढे चार-पाच दिवस जाणार.

इनासने ऐकलं नाही. बोटीच्या आदल्या सकाळी मी अंगणात आले तर तो धुमसती सोडणं बाहेर ओढून किंजळीचे जाड ओंडके भट्टीत रचत होता.

"आज भरून पेटवतंय. पाव बघतंय आणि ठरवतंय."

मी भट्टीच्या तोंडात बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले, पाठ ओंडक्यांना लावून. म्हटलं, "पास्कू आठवतो?"

त्याला आठवणारच. माझ्या बापाकडे एकदा लादीच्या चार विटा बदलल्या होत्या, आणि सणाची गडबड म्हणून बापूय घरी नसताना पास्कू नावाच्या गड्याने त्या न सुकवताच वर मोठी आग घातली. वाफ कोंडून वीट फुटली, तिचा टवका उडाला आणि पास्कूचा डोळा गेला. त्याला खांद्यावर घेऊन डॉक्टरकडे पळाला होता तो इनासच.

 इनासने ओंडके एकेक करून बाहेर काढले. पण म्हणाला, "बोट माझ्यासाठी थांबूची नाय."

मी म्हटलं, "बोटीला मी थांब म्हणत नाही. तुला थांबायचं तर थांब. भट्टी तिच्या दिवशीच होईल."

दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन मालवणच्या गाडीत बसला. मी तिठ्यापर्यंत गेले नाही. सोडणांची आग विझू द्यायची नाही आणि भडकू द्यायची नाही, ती सोडून जाता येत नाही. मांय जाऊन आली. आल्यावर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "तो गेलोच तर तू काय करतलंस गो?"

मी ताटली धरून बघत होते. घाम आदल्या दिवसापेक्षा कमी होता. मी म्हटलं, "अजून चार दिवस सुकवूक व्हयी, मांय. मगे पाव लावतलंय."

मांयने माझ्याकडे बघितलं. उठून आमसोलांची सुपं जोत्याजवळून काढली आणि उन्हात नेऊन ठेवली. जोतं गार होत चाललं होतं, तिथे आता ती सुकली नसती.

दिवेलागणीच्या सुमाराला फाटकाचा आवाज झाला. इनास ट्रंक खांद्यावर घेऊन आत आला, ट्रंक ओटीवर ठेवली, पाय धुतले.

"काय रे?" मांयने विचारलं.

"बोटीक गर्दी खूप."

"मगे? तुका बसूक खुर्ची घालतले काय?"

 इनासने माझ्या हातातली ताटली घेतली, भट्टीच्या तोंडाशी धरली, उजेडात आणून बघितली. "जाता कमी," म्हणाला. तेवढंच. आणि तोंडासमोर उभा होता म्हणून मी त्याला हाताला धरून कुशीला ओढला.

ताटली कोरडी झाली त्या दिवशी मोठी आग घातली. घुमट आधी काळा झाला, मग काजळी जळून पांढरा झाला. निखारे ओढले, लादी पुसली, मूठभर पीठ आत फेकून बघितलं. ते काळं न होता हळूहळू बदामी झालं. पाव लावले. काढले तेव्हा इनासने पहिला पाव उलटा केला आणि खालून बोटाने वाजवला. मेस्त आला होता. त्याने एक पाव तिथेच उभ्याने खाल्ला आणि म्हणाला, "मीठ वायच कमी पडला." आम्ही तिघं त्याच्याकडे बघतच राहिलो. तेव्हा म्हातारा हसला.

त्यानंतर आम्ही खूप वर्षं पाव केले. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर गोवा मोकळा झाला आणि मी माहेरी जाऊन आले. बापूय थकला होता. भट्टी कशी वागते एवढंच विचारलं, मी कशी आहे ते नाही. मी सांगितलं, बरी वागते. त्यात त्याला सगळं मिळालं. आता कसालची ती भट्टी नाही. इथल्या मुलाने विजेची मशीन आणलीये, तिला मीठ लागत नाही, काच लागत नाही, ताटली धरावी लागत नाही. फक्त दार उघडताना सून कुशीला उभी राहते, ते मी बघून घेते.

गोव्याचे भाचे म्हणतात, आते, आता हद्द नाही काही नाही, ये घरी राहायला. मुंबईचा मुलगा म्हणतो, मांय, घरी ये. शेरनने फोनवर विचारलं, आजी, तुझं खरं घर कुठलं? मला वाटतं, तो गेला तर काय करशील असं सासूने विचारलं आणि मी ताटलीकडे बघत उत्तर दिलं, त्या दुपारी ते ठरलं. तोपर्यंत मी साष्टीला घर म्हणत होते आणि कसालला नुसतं 'हयसर', म्हणजे 'इथे'. त्या दुपारी माझ्याजवळ नवरा नव्हता, माहेरचा रस्ता नव्हता, भट्टी ओली होती, आणि तरी मला दुसऱ्या दिवशी किती सोडणं लागतील याचीच काळजी होती. इनास परत आला नसता तरी मी पाव लावलेच असते. वाकडेतिकडे झाले असते, पण लावले असते.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. मरेपर्यंत तो आल्यागेल्याला सांगायचा की आपण बोट सोडली म्हणून हे घर उभं राहिलं. मी चहा ठेवायला आत जायचे.